लिटल मोर्टन हॉल : वाकलेलं घर वाकलेलंच का ठेवलं

इंग्लंडमधल्या चेशायर परगण्यात, काँगलटन गावाच्या नैर्ऋत्येला सहा-सात किलोमीटरवर, लिटल मोर्टन हॉल नावाचं एक जुनं जमीनदारी घर आहे. चहूबाजूंनी खंदक, मध्ये गोट्यांची फरसबंदी असलेला छोटा चौक, आणि चौकाच्या तीन बाजूंना ओकच्या लाकडात उभे केलेले सोपे. दक्षिणेकडून पुलावरून दरवाज्याकडे जाताना आधी नजर जाते ती सगळ्यांत वरच्या मजल्यावर. तिथे या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसत्या खिडक्या आहेत. मग नजर खाली उतरते आणि अडकते. खालच्या मजल्यांच्या तुळया मध्येच दबल्या आहेत, खांब कलले आहेत, चौकटींचे काटकोन सुटले आहेत. या दर्शनी भागात सरळ रेष शोधावी लागते.

या घराला परीकथेतलं घर म्हणायची पद्धत पडली आहे. फोटो काढणाऱ्यांना हा वाकडेपणाच हवा असतो. मला मात्र त्या विशेषणाने घरावर अन्याय होतो असं वाटतं. इथली प्रत्येक वाकलेली तुळई का वाकली याचं उत्तर देता येतं, आणि ते उत्तर सुतारकामाच्या भाषेत आहे. कुणीतरी एका वर्षी एक निर्णय घेतला, त्याचा भार पुढच्या साडेचारशे वर्षांनी पेलला, आणि शेवटी ज्यांच्या हाती घर आलं त्यांनी ते सरळ न करता सावरलं. हे प्रकरण त्या दोन निर्णयांचं आहे: मजला चढवण्याचा आणि घर सरळ न करण्याचा.

मोर्टन कुटुंब आणि टप्प्याटप्प्याने वाढलेलं घर

अशा जमीनदारी घराला इंग्रजीत मॅनर म्हणतात, म्हणजे आसपासच्या जमिनीचा आणि कुळांचा धनी असलेल्या घराण्याची राहती जागा. ड्यूक किंवा अर्ल यांच्या महालाशी तिची गल्लत करू नये. मोर्टन हे सरदार नव्हते, खाऊनपिऊन सुखी असे जमीनदार होते. १३४८ च्या महामारीत इंग्लंडमधली वस्ती घटली, तेव्हा जमिनी स्वस्त झाल्या आणि त्यांनी त्या घेतल्या. आठव्या हेन्रीने मठ मोडीत काढले, त्या वेळीही त्यांनी हात धुऊन घेतले. सोळाव्या शतकाच्या मध्यावर त्यांच्याकडे सुमारे १,३६० एकर जमीन, धान्य दळायची गिरणी, फळबागा आणि पाण्याच्या जोरावर घण चालवणारी लोखंडाची भट्टी होती. हे सांगायचं कारण असं की या घराची नक्षी आणि काच त्या पैशातून आली आहे, आणि पुढे पैसा आटला तेव्हा घराचं काय झालं तेही याच धाग्यावर आहे.

सगळ्यांत जुना भाग उत्तरेकडचा. विल्यम मोर्टन याने १५०४ ते १५०८ च्या सुमारास इथे ग्रेट हॉल बांधला. हा घरातला मुख्य दिवाणखाना, छपरापर्यंत मोकळा. मातीची जमीन, मधोमध उघडी चूल, धूर वर छपरातून जाणार. जेवण, न्यायनिवाडा, कुळांचा हिशेब, सगळं याच एका खोलीत. पूर्वेकडे छोटं प्रार्थनाघर त्याच काळातलं. १५४६ मध्ये त्याचा मुलगा, नाव पुन्हा विल्यमच, याने पश्चिमेची बाजू नव्याने बांधून घेतली. १५५९ मध्ये ग्रेट हॉलमध्ये वरचा मजला टाकला आणि चौकाकडे तोंड करून दोन दुमजली खिडक्या पुढे काढल्या. आज हॉलमधला तो मजला नाही, पण खिडक्या आहेत.

या खिडक्यांजवळ थोडं थांबायला हवं. त्या बहुकोनी आहेत आणि एकमेकींच्या इतक्या जवळ आहेत की त्यांची छपरं एकमेकांना भिडतात. चौकात जागा कमी होती, तरी मालकाला दोन्ही हव्याच होत्या. त्यांच्या लाकडावर मजकूर कोरला आहे. देव सर्वांत सर्व काही आहे, या खिडक्या विल्यम मोर्टनने प्रभूच्या १५५९ साली करवल्या, अशा अर्थाचा. आणि त्याच्या जोडीने दुसरी ओळ: रिचर्ड डेल सुताराने देवाच्या कृपेने या खिडक्या घडवल्या. मालकाचं नाव असणार हे गृहीतच आहे. पण कारागिराने आपलं नाव आणि आपला धंदा, दोन्ही मालकाच्या नावाशेजारी कोरावं आणि मालकाने ते राहू द्यावं, यावरून त्या घरात सुताराची पत काय होती ते कळतं. अशा घरांना वास्तुविशारद नसे. खांब किती जाड, तुळई किती लांब, कोनात काय करायचं, हे सगळं मुख्य सुतार ठरवी. मालक हौस सांगे, सुतार ती लाकडात बसवी.

सांगाडा कसा उभा राहतो

पुढची गोष्ट समजायला हा सांगाडा आधी नीट पाहिला पाहिजे.

खाली दगडाचं बुटकं जोतं, म्हणजे लाकूड ओल्या मातीला टेकत नाही. जोत्यावर आडवी तुळई, तिच्यात खांब रोवलेले, खांबांच्या डोक्यावर दुसरी आडवी तुळई. मधल्या जागेचे खण पाडून ते कुडाने भरलेले. कोकणातल्या माणसाला कूड समजावून सांगायला नको: काठ्यांची वीण आणि तिच्यावर दोन्ही बाजूंनी मातीचा लेप. इथे त्यावर चुन्याचा हात. भिंत म्हणून जे दिसतं ते भार घेत नाही. सगळा भार लाकूड घेतं.

जोड लोखंडाविना केलेले असतात. एका लाकडाच्या टोकाला कूस काढायची, दुसऱ्यात तिच्या मापाची खाच, आणि दोन्हींतून आरपार लाकडी खुंटी ठोकायची. खुंटीची भोकं मुद्दाम किंचित पुढेमागे पाडतात, म्हणजे खुंटी आत जाताना कूस खाचेत घट्ट ओढून घेते. ओक ताजा असतानाच घडवायचा, कारण वाळला की तो हत्याराला दाद देत नाही. ताजं लाकूड पुढे काही वर्षं वाळत राहतं, आक्रसतं, थोडं पिळतं. त्यामुळे असं प्रत्येक घर उभं राहिल्यावर थोडं हलतंच, आणि सुतारांना ते ठाऊक असे.

वरचा मजला खालच्यापेक्षा फूट-दीड फूट पुढे काढायची तऱ्हा इथेही आहे. मजल्याच्या कड्या खालच्या भिंतीपलीकडे पुढे येतात आणि त्यांच्या टोकांवर वरची भिंत उभी राहते. पाहणाऱ्याला वाटतं, जागा वाढवायला केलं असेल. जागा वाढतेच. पण यात भाराचाही हिशेब आहे. कडीच्या पुढे आलेल्या टोकावर भिंतीचं वजन बसलं की तिचा मधला भाग वर उचलला जायला बघतो, आणि माणसं-सामानाच्या वजनाने मध्ये येणारा झोल कमी होतो. हे गणित चांगलं आहे, मात्र ते तेव्हाच जमतं जेव्हा टोकावरचं वजन बेताचं असतं.

आणखी एक गोष्ट, जी पुढे कळीची ठरते. नुसते उभे-आडवे जोडलेले लाकडी चौकोन कितीही घट्ट केले तरी बाजूने ढकलल्यावर तिरके होतात. त्यांना चौकोनी ठेवतात ते तिरपे टेकू. लिटल मोर्टन हॉलच्या बाहेरच्या भिंतींवर माशाच्या काट्यासारख्या ओळी, चौकोनातले बदाम, चार पाकळ्यांची फुलं अशी दाट लाकडी नक्षी आहे. तिच्यातला मोठा भाग शोभेचा आहे. पण लाकूड जितकं दाट, तितकी भिंत ताठ, हेही खरं. जिथे ही नक्षी संपून काच सुरू होते, तिथे घर अशक्त होतं.

वरून चढवलेला मजला

दक्षिणेकडची बाजू १५६० ते १५६२ च्या सुमारास जॉन मोर्टन या तिसऱ्या पिढीच्या मालकाने बांधली. हिच्यातच खंदकावरच्या पुलाकडे उघडणारा मुख्य दरवाजा आहे, पाहुण्यांच्या खोल्या आहेत, आणि थेट खंदकात उतरणारे शौचकूप असलेला एक मनोरा आहे. मुळात ही बाजू दोन मजल्यांची योजली होती असं दिसतं. बांधकाम सुरू झाल्यावर कधीतरी मालकाच्या मनात आलं आणि तिच्यावर तिसरा मजला चढवला गेला: ६८ फूट लांबीची, सलग, दोन्ही बाजूंना काचा असलेली लाँग गॅलरी.

लाँग गॅलरी ही त्या काळातली सर्वांत नवी हौस होती. पाऊस-थंडीत घरातल्या घरात फिरायचं, खेळायचं, आल्यागेल्याला दाखवायचं, यासाठी लांबच लांब खोली. पुढे मोठ्या घराण्यांनी या हौशीचा कळस केला. सॉमरसेटमधल्या माँटेक्यूट हाऊसची गॅलरी १७२ फूट आहे. पण माँटेक्यूट दगडाचं आहे आणि गॅलरी पहिल्यापासून नकाशात धरलेली आहे. मोर्टनकडे लाकडाचा सांगाडा होता आणि तोही खाली अर्धा उभा राहिलेला.

इथल्या गॅलरीत सामान कधीच फारसं नव्हतं. ती खेळायला होती याचा पुरावा तिच्या भिंतींवरच्या लाकडी तक्तपोशीमागे सापडला: सतराव्या शतकाच्या सुरुवातीचे चार टेनिसचे चेंडू. दोन्ही टोकांच्या भिंतींवर, छपराखालच्या त्रिकोणात, गिलाव्यातली चित्रं आहेत. एकीकडे चाक घेतलेलं दैव, ज्याचा कारभार अज्ञानाकडे. दुसरीकडे नियती, जिची सूत्रं ज्ञानाकडे. ती रॉबर्ट रेकॉर्ड या गणितज्ञाच्या १५५६ च्या खगोलशास्त्राच्या पुस्तकातल्या चित्रावरून घेतली आहेत. चेशायरच्या एका जमीनदाराने आपल्या खेळायच्या खोलीत चार-सहा वर्षांपूर्वी छापलेल्या विज्ञानाच्या पुस्तकातलं चित्र उतरवून घ्यावं, हे मला फार आवडतं. ही खोली नव्या जगाची हौस म्हणून बांधली गेली होती आणि ते तिच्या भिंतीवर लिहिलेलं आहे.

आता भाराकडे वळू. गॅलरीवरचं छप्पर ग्रिटस्टोन या खरबरीत वालुकाश्माच्या चिऱ्यांचं आहे. असे चिरे मातीच्या कौलांपेक्षा कितीतरी जड. छप्पर जड असणं हा त्या मुलखातला नेहमीचा प्रकार होता आणि दुमजली सोप्याला तो पेलतो. इथे ते छप्पर एक मजला वर गेलं, मध्ये एका मजल्याच्या लाकडाचं आणि काचेचं वजन वाढलं, आणि हे सगळं दोन मजल्यांच्या हिशेबाने घेतलेल्या खांबांवर आणि कड्यांवर येऊन बसलं. पुढे काढलेल्या मजल्याच्या टोकावरचं वजन बेताचं राहिलं नाही.

दुसरी अडचण काचेची. गॅलरीच्या दोन्ही लांब भिंती म्हणजे ओळीने खिडक्या. तिरपे टेकू घालायला जागाच ठेवली नाही. म्हणजे घराचा सर्वांत जड भाग, छप्पर, घराच्या सर्वांत अशक्त भिंतींवर ठेवला गेला.

तिसरी अडचण कैच्यांची, म्हणजे छप्पर तोलून धरणाऱ्या लाकडी चौकटींची. छपराच्या कैचीला खालून आडवी तुळई असते तेव्हा ती दोन्ही पाय एकमेकांना बांधून ठेवते. गॅलरीत उंची मोकळी हवी होती, म्हणून ती तुळई वगळून कमानीसारखे वळलेले टेकू दिले. दिसायला ते अत्यंत देखणं. पण पाय बांधलेले नसले की जड छप्पर दोन्ही भिंतींना बाहेर ढकलत राहतं. आणि भिंती तर खिडक्यांच्या.

यातली एकेक गोष्ट स्वतंत्रपणे चालून गेली असती. तिन्ही एकाच ठिकाणी, एकावर एक आल्या, म्हणून खालच्या तुळया दबल्या, खांब बाहेर झुकले, गॅलरीच्या जमिनीला चढउतार आले. कुणी म्हणेल, सुताराला हे कळायला हवं होतं. माझा अंदाज वेगळा आहे. ज्या कारागिरांनी बाकीचं घर इतक्या समजुतीने बांधलं, त्यांना धोका कळला असणार. अर्ध्यावर आलेल्या कामात मालकाने वाढवून सांगितलेली हौस नाकारता येत नाही, एवढंच. बांधकामाच्या धंद्यात काम केलेल्या कुणालाही हा प्रसंग ओळखीचा वाटेल.

गरिबीने केलेली राखण

सुमारे १६१० मध्ये दक्षिण बाजूला स्वयंपाकघर आणि बिअर गाळायची खोली जोडली. त्यानंतर या घरात मोठं बांधकाम झालं नाही. कारण साधं होतं: पैसे संपले. यादवी युद्धात मोर्टन राजाच्या बाजूचे, आजूबाजूचा मुलूख संसदेच्या बाजूचा. १६४३ मध्ये घर जप्त होऊन त्यात संसदेचे सैनिक उतरले. अर्जविनंत्या करून घर परत मिळालं, पण घराण्याचं कंबरडं मोडलं. १६५४ मध्ये विल्यम मोर्टन वारला तेव्हा तीन-चार हजार पौंडांचं कर्ज मागे होतं. १६७० च्या दशकाच्या अखेरीस मोर्टन मंडळी इथून बाहेर पडली आणि घर शेतकरी कुळांना भाड्याने गेलं.

पुढची दोनशे वर्षं लिटल मोर्टन हॉल हे एक शेतघर होतं. या काळाबद्दल लिहिताना लोक हळहळतात. मला वाटतं, याच काळाने घर वाचवलं. मोर्टन श्रीमंत राहिले असते तर अठराव्या शतकात त्यांनी शेजारच्या जमीनदारांसारखंच केलं असतं: जुनं लाकूड पाडून विटांचं, रेखीव, खांबा-कमानींचं नवं घर. कुळांना दिवाणखान्याच्या फॅशनशी कर्तव्य नव्हतं. त्यांना गळकं छप्पर तेवढं थांबवायचं होतं, आणि मोडकं ते बदलायचं होतं.

अर्थात दुर्लक्षाची किंमतही मोजावी लागली. १८४७ च्या सुमारास घराचा बहुतेक भाग रिकामा होता, खिडक्यांना फळ्या मारल्या होत्या, छप्पर कुजत होतं, आणि प्रार्थनाघरात कोळसा भरला होता. तरीही खिडक्यांमधल्या काचा वाचल्या. या घरात शिशाच्या पट्ट्यांत बसवलेले काचेचे सुमारे ३०,००० तुकडे आहेत: चौकोन, बदाम, वर्तुळं, त्रिकोण. त्यांची मांडणी बाहेरच्या लाकडी नक्षीशी जुळवून केली आहे. त्यातली बरीचशी काच सोळाव्या शतकातली आहे आणि जुन्या काचेत असतो तसा रंगाचा फरक तिच्यात तुकड्यागणिक दिसतो.

१८४१ मध्ये डेल नावाचं कुटुंब कूळ म्हणून आलं आणि शंभर वर्षांहून अधिक काळ राहिलं. १८९२ मध्ये घर एलिझाबेथ मोर्टन यांच्याकडे आलं. त्या अँग्लिकन पंथाच्या जोगीण होत्या. त्यांनी कोळशाचं कोठार झालेलं प्रार्थनाघर पुन्हा प्रार्थनाघर केलं. १९१२ मध्ये त्यांच्या इच्छापत्राने घर त्यांचे नातलग, डर्बीचे बिशप चार्ल्स एब्रहम यांच्याकडे गेलं, आणि ते कधीही विकायचं नाही अशी अट त्यांनी घातली होती. बिशपांनी ते लोकांना पाहायला खुलं केलं. सहा पेनी शुल्क, आणि घर हिंडून दाखवायचं काम डेल कुटुंबाचं. १९३८ मध्ये बिशप आणि त्यांचा मुलगा यांनी घर नॅशनल ट्रस्ट या जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेच्या स्वाधीन केलं. जवळपास साडेचारशे वर्षं एकाच घराण्याकडे राहिलेली मालकी अशी संपली. त्यानंतरही १९५५ पर्यंत डेल मंडळी ट्रस्टच्या वतीने राखणदारी करत होती.

सावरणं

आता या प्रकरणाचा गाभा. गॅलरीचा भार तीन वेगवेगळ्या काळांत तीन वेगवेगळ्या प्रकारे हाताळला गेला, आणि प्रत्येक वेळी आधीचं न काढता नवं जोडलं गेलं.

पहिला उपाय बहुधा सतराव्या शतकातला. गॅलरीत उभं राहून वर पाहिलं की कमानदार कैच्यांच्या मध्ये आडव्या तुळया दिसतात. त्या मुळातल्या नाहीत. छप्पर भिंतींना बाहेर ढकलतं आहे हे कुणाच्या तरी लक्षात आलं आणि त्याने समोरासमोरच्या बाजू एकमेकींना बांधून टाकल्या. मोकळ्या उंचीचा डौल थोडा गेला, खोली वाचली. मूळ सुताराला जे करायचं होतं पण करता आलं नव्हतं, तेच पुढच्या सुताराने केलं.

दुसरा उपाय धातूचा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, बहुधा एलिझाबेथ मोर्टन यांच्याच काळात, गॅलरीचा सांगाडा धरून ठेवायला पोलादी सळ्या घातल्या गेल्या. तत्त्व आडव्या तुळईचंच. बाहेरची ढकल सळई ताणून घेते. सळईची जागा कमी, आणि लाकडात खोल खाचा न पाडता ती बसवता येते. इथे एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. ओकमध्ये टॅनिक आम्ल असतं आणि ओल असली की ते लोखंड खातं. म्हणून आज अशा कामाला गंज न धरणारं पोलाद वापरतात.

तिसरा टप्पा ट्रस्टचा. ताबा घेतल्यापासून छपरं नव्याने घालण्यासह बरीच कामं झाली होती. १९७७ मध्ये दक्षिण बाजूच्या छपरावरचे दगडी चिरे सैल झाल्याचं आढळलं. तिथून सहा टप्प्यांत सांगाड्याच्या दुरुस्तीचं काम हाती घेतलं गेलं.

अशा वेळी पर्याय समोर असतातच. जॅक लावून घर उचलायचं, तुळया पातळीत आणायच्या, खांब ओळंब्यात उभे करायचे. ते तांत्रिकदृष्ट्या अशक्य नाही. किंवा दगडी चिरे उतरवून हलकं छप्पर घालायचं, म्हणजे दुखण्याचं मूळच गेलं. किंवा आतून पोलादाचा पूर्ण सांगाडा उभारून लाकूड नुसतं दर्शनी ठेवायचं.

पहिला पर्याय सर्वांत मोहाचा आणि सर्वांत घातक. लाकूड शतकानुशतकं भाराखाली वाकतं तेव्हा ते तात्पुरतं दबलेलं नसतं, त्याचा आकारच बदललेला असतो. कूस आणि खाच त्या नव्या कोनात एकमेकींवर बसलेल्या असतात. मधल्या काळात ज्याने ज्याने दार बसवलं, काच बदलली, गिलावा केला, त्याने वाकलेल्या चौकटीच्या मापाने ते केलेलं असतं. आता जॅकने तुळई सरळ करायला गेलं की खुंट्या तुटणार, कुसा फाटणार, कुडाचा गिलावा गळणार, आणि सोळाव्या शतकातली काच तडकणार. सरळ घर मिळेल, त्यात जुनं फार कमी उरेल.

हलक्या छपराचा पर्याय मला अधिक विचार करण्याजोगा वाटतो, कारण भार कमी करणं हा उपाय भार बांधून ठेवण्यापेक्षा मुळावरचा. पण तो दगड हा त्या मुलखाचा दगड आहे, त्या छपराचा उतार त्याच्यासाठी बेतलेला आहे, आणि लाकूड या भाराखाली आपला तोल शोधून बसलेलं आहे. अचानक मोठं वजन काढलं की तो तोलही हलतो. पोलादाच्या पूर्ण सांगाड्याबद्दल तर बोलायलाच नको. त्याने चारशे वर्षांचं सुतारकाम देखाव्यापुरतं उरलं असतं.

म्हणून जे झालं ते असं: वाकलेलं वाकलेलंच राहू दिलं, चिरे दगडाचेच ठेवले, जिथे भार घेण्याची ताकद संपली तिथेच नवं लाकूड जोडलं. या विचाराची परंपरा इंग्लंडमध्ये शंभर वर्षांची होती. १८७७ मध्ये विल्यम मॉरिस आणि त्यांच्या सोबत्यांनी प्राचीन इमारतींच्या रक्षणासाठी संस्था काढली, तीच मुळी जुन्या इमारती मूळ रूपात आणण्याच्या नावाखाली चाललेल्या तोडफोडीविरुद्ध. त्यांचं मागणं होतं, दुरुस्त करा, पुन्हा बनवू नका. लिटल मोर्टन हॉलमध्ये हे मागणं एरवीपेक्षा जास्त लागू पडतं, कारण इथे मूळ रूप कोणतं धरायचं? १५०८ चं, गॅलरीविना? १५६२ चं, गॅलरीसह पण आडव्या तुळयांविना, म्हणजे कोसळण्याच्या वाटेवर असलेलं?

रंगाचा प्रश्न

हाच प्रश्न बाहेरच्या रंगातही येतो, आणि तिथे उत्तर तितकं स्वच्छ नाही.

चेशायरची जुनी घरं म्हटली की काळं लाकूड आणि पांढरे खण हेच डोळ्यांसमोर येतं. लिटल मोर्टन हॉल त्या प्रतिमेचा शिरोमणी आहे. पण हा काळा-पांढरा थाट एकोणिसाव्या शतकातला. मुळात ओक तसाच उघडा ठेवत, ऊन-पावसात तो रुपेरी राखाडी होई, आणि कुडाच्या खणांना पिवळसर मातीचा रंग देत. म्हणजे आज जे घर सर्वांच्या मनात ठसलं आहे, ते मोर्टन मंडळींनी कधी पाहिलंच नव्हतं.

आतल्या भिंतींनीही अशीच एक गोष्ट दाखवून दिली. १९७६ मध्ये बैठकीच्या खोलीतल्या अठराव्या शतकातल्या लाकडी तक्तपोशीमागे रंगवलेली भिंत सापडली. लाकडी तक्तपोशी असल्याचा भास होईल अशी रंगवलेली, वर बायबलमधल्या सुझॅनाच्या कथेची चित्रपट्टी, आणि जॉन मोर्टनची चिन्हं. जॉन १५९८ मध्ये वारला, त्यावरून काम त्याआधीचं हे ठरतं. म्हणजे रिचर्ड डेलसारखे कारागीर हाताशी असलेल्या घरातही लाकडाऐवजी रंगावर भागवलेलं होतं, आणि त्याचा डौल कमी मानला जात नव्हता. हे घर आपण समजतो त्यापेक्षा बरंच रंगीत होतं.

बाहेरचा काळा रंग पूर्ण काढून घराला रुपेरी करावं का? माझ्या मनाचा कल तसं करण्याकडे आहे, कारण डांबरासारखे दाट थर लाकडातली ओल आत कोंडतात आणि कूज आतून लागते. पण एकोणिसावं शतकही या घराच्या आयुष्यातलंच आहे, आणि ज्या तत्त्वावर सतराव्या शतकातल्या तुळया आणि नंतरच्या सळ्या राखल्या, ते तत्त्व रंगाच्या बाबतीत एकदम सोडता येत नाही. ट्रस्टने यात मधला मार्ग काढला. दुरुस्तीत जे नवं ओक बसवलं, ते काळं न करता नैसर्गिक रंगात सोडलं. त्यामुळे नवं लाकूड कुठे आहे ते ओळखता येतं, आणि जुन्याच्या नावाखाली ते खपत नाही. पुढच्या वेळी छप्पर उघडावं लागेल, आणि ते लागेलच, कारण चिरे अजून तितकेच जड आहेत आणि ओक भाराखाली पूर्ण स्थिर कधीच होत नाही, तेव्हा तिथे चढणाऱ्या सुताराला कुठल्या तुळईवर किती भरवसा ठेवायचा हे नुसतं पाहून ठरवायला सुरुवात करता येईल.